मणक्यात करंट देऊन लुळे पाय चालतात का? स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन समजून घेऊ

आजचा विषय मला एका फोनमुळे मिळाला. माझा मामेभाऊ कोकणात असतो. तीन वर्षांपूर्वी आंबे काढताना हापूसच्या कलमावरून पडला, मणका मोडला, आणि तेव्हापासून कमरेखाली पाय हलत नाहीत. व्हीलचेअरवर बसून बागेचा सगळा हिशेब तोच सांभाळतो. त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. एक गोरा माणूस वॉकर धरून हळूहळू चालतोय, आणि मागून कुणीतरी हिंदीत ओरडून सांगतंय की पॅरालिसिसवर इलाज सापडला, मणक्यात चिप बसवली की झालं.

पाठोपाठ त्याचा फोन. "दादा, हे खरं आहे की एडिट केलेलं? आणि खरं असेल तर मला चालेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. खरं आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधायला मला दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत जे वाचलं, जे एका ओळखीच्या रिहॅबिलिटेशन डॉक्टरांकडून समजून घेतलं, ते इथे मांडतोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ही माहिती म्हणून वाचा, सल्ला म्हणून नको.

आधी मणका आणि मज्जारज्जू यातला फरक

आपल्याकडे "मणक्याची नस दबली" हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की सगळं एकच वाटतं. मणके म्हणजे हाडं. त्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूकडून खाली येणारी मऊ दोरी म्हणजे मज्जारज्जू, इंग्रजीत स्पायनल कॉर्ड. कमरेची चकती सरकून पायात कळ जाते तेव्हा बहुतेक वेळा दोरीतून बाहेर पडलेली एखादी नस दाबली जाते. आपण बोलतोय ते खुद्द दोरीलाच झालेल्या इजेबद्दल.

ही दोरी मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब असते आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपते. त्याखाली फक्त नसांचा जुडगा. पाय हलवणाऱ्या पेशी दोरीच्या शेवटच्या जाडसर भागात असतात, त्याला लंबर एनलार्जमेंट म्हणतात. हा भाग कमरेत खाली असेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो पाठीच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास असतो. आपल्याकडचे डॉक्टर हे मणके डी ११, डी १२ आणि एल १ असे लिहितात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता गावातली लाइट आठवा. लाइट गेली की पहिला प्रश्न असतो, मेन लाइन तुटली की डीपी जळाली? दोन्हीत घरात अंधारच, पण दुरुस्ती पूर्ण वेगळी. मान किंवा छातीच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली तर मेंदूकडून येणारी मेन लाइन तुटते, पण पायांची डीपी खाली शाबूत असते. डी १२ किंवा एल १ मोडून त्याच भागातली दोरी चिरडली तर डीपीच जाते. पुढची सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे.

पायांच्या डीपीला स्वतःची थोडी अक्कल असते

आपल्याला वाटतं की प्रत्येक पाऊल मेंदू टाकायला लावतो. तसं नाही. १९११ साली थॉमस ग्रॅहम ब्राउन या शास्त्रज्ञाने दाखवलं की मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनाही तोडल्या, तरी पायांचे स्नायू आळीपाळीने आखडण्याची लय खालच्या खालीच तयार होते. चालण्याचा ठेका दोरीतच बसलेला असतो, मेंदू 'चल', 'थांब', 'वळ' एवढं सांगतो आणि तोल बघतो.

माणसात हे आहे का, यावर बरीच वर्षं वाद होता. १९९८ साली मिलान दिमित्रीयेविच आणि सहकाऱ्यांनी पूर्ण लकवा असलेल्या रुग्णांच्या कमरेच्या भागात, मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड ठेवून ठरावीक वेगाने वीज दिली, तर झोपलेल्या माणसाचे पाय पावलं टाकल्यासारखे वाकू-सरळ होऊ लागले. हुकूम मेंदूचा नव्हता, ठेका दोरीचा होता.

इथे वीज नवीन नाही हेही सांगायला हवं. १९६७ सालीच अमेरिकेत नॉर्मन शीली या न्यूरोसर्जनने असह्य दुखण्यासाठी मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवला होता. दुखण्यासाठीचे हे स्टिम्युलेटर आज आपल्याकडेही मोठ्या शहरांत बसवले जातात. चालण्याच्या प्रयोगांसाठी सुरुवातीला वापरली ती हीच, दुखण्यासाठी बनलेली यंत्रं.

"फिजिओथेरपीवाले करंट देतात तेच ना?"

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात मोठा आहे. फिजिओथेरपीत पायावर पॅड लावून करंट देतात तेव्हा तिथलाच स्नायू किंवा त्याची नस चेतवली जाते. बटण दाबलं की स्नायू आखडतो. कळसूत्री बाहुलीसारखं.

मज्जारज्जूवरच्या स्टिम्युलेशनमध्ये स्नायूला थेट हुकूम दिला जात नाही. इलेक्ट्रोडची पट्टी मज्जारज्जूच्या बाहेरच्या जाड आवरणावर, पाठीच्या बाजूने ठेवतात. आवरणाच्या आत पाणी असतं आणि त्यातून वीज सहज पसरते, त्यामुळे आधी चेतवल्या जातात त्या मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदनांच्या जाड नसा. म्हणजे पायाकडून 'मी ताणलो गेलो', 'माझ्यावर वजन आलं' अशा बातम्या वर आणणाऱ्या तारा. सेकंदाला साधारण २० ते ६० वेळा त्यांना हलका धक्का मिळत राहतो आणि त्या पुढच्या पेशींना जागं ठेवतात.

मेंदूशी संपर्क तुटल्यावर खालची डीपी मेलेली नसते, सुस्तावलेली असते. त्यातल्या पेशींना पेटायला लागणारा उंबरठा उंच झालेला असतो. बऱ्याच रुग्णांत, अगदी तपासणीत 'कम्प्लीट' लिहिलेल्या काहींतसुद्धा, इजेच्या जागेतून मोजके तंतू वाचलेले असतात. त्यांच्यातून मेंदूचा हुकूम खाली येतो, पण इतका क्षीण की काहीच पेटत नाही. स्टिम्युलेशन उंबरठा खाली आणतं. मग तोच क्षीण हुकूम, आणि पायाखालच्या जमिनीची जाणीव, पुरेशी ठरते. माणूस मनात म्हणतो 'पाय उचल' आणि पाय उचलला जातो. पाय मशीन उचलत नाही. मशीन बंद केलं की मात्र बहुतेकांत तो हुकूम पुन्हा हवेत विरतो.

ल्युइव्हिल ते लोझान

२०११ साली अमेरिकेत ल्युइव्हिल विद्यापीठाच्या सुझन हार्केमा आणि लॉस एंजेलिसचे रेगी एजर्टन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एकाच रुग्णाचा अनुभव छापला. २३ वर्षांचा तरुण, २००६ मध्ये गाडीच्या धडकेत मानेखाली इजा. इलेक्ट्रोड बसवण्याआधी त्याच्याकडून २६ महिन्यांत १७० वेळा ट्रेडमिलवर, पट्ट्यांना लटकवून, चालण्याचा सराव करून घेतला होता आणि त्यातून काहीही हाती लागलं नव्हतं. १६ टोकांचा इलेक्ट्रोड बसवून वीज सुरू केल्यावर तो स्वतःचं पूर्ण वजन पेलून उभा राहू शकला, सव्वाचार मिनिटं, फक्त तोल सांभाळायला आधार. सात महिन्यांनी आणखी एक गोष्ट दिसली जी संशोधकांनाही अपेक्षित नव्हती. वीज चालू असताना तो आपल्या मर्जीने पायाचा अंगठा, घोटा, गुडघा हलवू लागला.

२०१४ मध्ये आणखी रुग्णांत हेच दिसलं, म्हणजे एकट्याचं नशीब नव्हतं. २०१८ मध्ये त्याच गटाने चार जणांचा अहवाल दिला. चौघं उभे राहू शकले, दोघं वॉकर किंवा तत्सम आधाराने जमिनीवर चालले. त्यातल्या एकाला त्यासाठी ८५ आठवड्यांत २७८ सत्रं करावी लागली. आणि सरावात एका रुग्णाचं खुब्याचं हाड मोडलं. ही शेवटची ओळ व्हिडिओत कधीच नसते. वर्षानुवर्षं वजन न पडलेली हाडं ठिसूळ झालेली असतात.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने, म्हणजे ग्रेग्वार कूर्तीन आणि न्यूरोसर्जन जोसलीन ब्लॉक यांनी, वेगळी वाट घेतली. मला या सगळ्या वाचनात सर्वांत आवडलेला भाग इथे आहे. त्यांना कोडं पडलं होतं की उंदरांत सतत वीज दिली की चालणं झटकन सुधारतं, मग माणसांत इतकं अवघड का? उत्तर सापडलं ते तारेच्या लांबीत. संवेदनेच्या नसेला मध्येच धक्का दिला की सिग्नल दोन्ही दिशांना धावतो, वर मज्जारज्जूकडे आणि उलटा पायाकडेही. उलटा जाणारा सिग्नल पायाकडून येणाऱ्या खऱ्या बातमीला वाटेत धडकतो आणि दोन्ही विझतात. उंदराचा पाय बोटभर, टक्कर होण्याची शक्यता कमी. माणसाचा पाय लांब, बातमीला प्रवासाला वेळ लागतो, त्यामुळे टकरी भरपूर. म्हणजे सतत वीज दिल्याने पाय जागा होतो, पण आपण कुठे आहोत हे मज्जारज्जूला कळेनासं होतं. डोळे मिटून अंधाऱ्या जिन्यावर उतरण्यासारखं.

यावर त्यांचा उपाय असा की वीज सतत द्यायचीच नाही. पाऊल उचलताना मांडी वाकवणाऱ्या भागाच्या नसेला, टेकवताना पोटरीच्या, डावी-उजवी आलटून पालटून, नेमक्या क्षणापुरती. २०१८ मध्ये तीन रुग्णांत आठवड्याभरात परिणाम दिसला, आणि काही महिन्यांच्या सरावानंतर वीज बंद असतानाही त्यांना काही हालचाली जमू लागल्या. या तिघांत मुळात थोडेफार तंतू शिल्लक होते हे विसरू नका. २०२२ मध्ये पायांसोबत धडाचे स्नायूही पकडणारी खास लांब पट्टी बनवून पूर्ण लकव्याच्या तिघांना दिली. एका दिवसात ते, शरीराचं वजन पट्ट्यांनी पेललेलं असताना, पावलं टाकू लागले. बाहेर वॉकर घेऊन फिरायला मात्र पुढचे काही महिने सराव करावा लागला.

२०२३ मध्ये आणखी पुढची पायरी आली. ४० वर्षांच्या एका डच माणसाच्या कवटीत, मेंदूच्या पृष्ठभागालगत, प्रत्येकी ६४ इलेक्ट्रोडची दोन यंत्रं बसवली. तो 'उजवा पाय' असा विचार करतो, कॉम्प्युटर तो विचार ओळखतो आणि मज्जारज्जूवरच्या पट्टीला कळवतो. तुटलेल्या मेन लाइनला वायरलेस बायपास म्हणा. त्याची २०११ ची इजा आंशिक होती आणि त्याने आधीच्या प्रयोगातही भाग घेतला होता. मामेभावाने पाठवलेला व्हिडिओ बहुधा याच प्रयोगांपैकी एकाचा होता, फक्त कुणी तरी त्यावरून 'प्रयोग' हा शब्द पुसून टाकला होता.

ऑपरेशनशिवाय, आणि पायांऐवजी हात

चालण्याच्या व्हिडिओंमुळे एक बातमी झाकोळली जाते, आणि माझ्या मते ती रोजच्या जगण्यासाठी जास्त मोठी आहे. मानेला इजा झालेल्या माणसाला विचारा, पाय हवेत की बोटं? अनेक जण बोटं म्हणतील. चमचा धरता येणं, मोबाइल चालवता येणं, स्वतः कॅथेटर लावता येणं.

२०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये ६० रुग्णांचा अभ्यास आला. ऑपरेशन नाही, मानेच्या मागे त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवायचे. आधी दोन महिने फक्त व्यायाम, मग दोन महिने व्यायामासोबत स्टिम्युलेशन. ७२ टक्के रुग्णांत हाताची ताकद आणि काम करण्याची क्षमता दोन्ही सुधारली. काहींची इजा ३४ वर्षांपर्यंत जुनी होती. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने या यंत्राला परवानगी दिली, पण कोणासाठी ते नीट वाचा: मानेच्या पातळीवरची आणि अपूर्ण इजा असलेल्यांसाठी, हाताच्या कामासाठी. पायांसाठी नाही. या अभ्यासात खोटं स्टिम्युलेशन दिलेला तुलनेचा गट नव्हता, ही त्यातली उणीवही सांगितली पाहिजे.

मानेची इजा असलेल्यांना आणखी एक त्रास होतो, उठून बसवलं की रक्तदाब कोसळतो आणि चक्कर येते. मज्जारज्जूच्या छातीच्या भागात वीज देऊन तो सावरता येतो, हे २०२१ मध्ये उंदीर, माकडं आणि एका रुग्णात दाखवलं गेलं. कॅमेऱ्यासमोर यात बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे हा व्हिडिओ कुणी पाठवत नाही.

मग कुणाला उपयोग होऊ शकतो?

घरच्या लोकांना समजेल अशी एक खूण डॉक्टरांनी मला सांगितली. पायांना झटके येतात का? पाय मध्येच ताठ होतात, चादर ओढली की उडतात, पाऊल वर दाबलं की थरथरतात? घरचे याला वैतागतात, किंवा उलट 'सुधारणा होतेय' समजून पेढे वाटतात. ती सुधारणा नव्हे, पण खालची डीपी जिवंत असल्याची खूण आहे. पाय कायम सैल, मांडी-पोटरी झपाट्याने वाळलेली, झटका एकही नाही, असं असेल तर डीपीलाच किंवा तिथून निघणाऱ्या नसांनाच इजा असण्याची शक्यता मोठी. मज्जारज्जूतल्या पेशीच गेल्या असतील तर त्यांना जागं कसं करणार? वर सांगितलेल्या रुग्णांची इजा मुख्यतः मान आणि छातीच्या पातळीवरची होती, ते यामुळेच. नक्की निदान अर्थातच तपासणी आणि एमआरआयवरूनच होतं.

डिस्चार्ज कार्डावर एआयएस नावाची श्रेणी शोधा, काही जण तिला एएसआयए लिहितात. ए म्हणजे इजेखाली गुदद्वाराजवळपर्यंत ना संवेदना ना हालचाल, बी म्हणजे संवेदना आहे पण हालचाल नाही, सी आणि डी म्हणजे थोडी-बरी हालचाल, ई म्हणजे सामान्य. सोबत इजेची पातळी. या दोन गोष्टी माहीत नसताना कुणी फोनवरच "होऊन जाईल" म्हणालं तर फोन ठेवा.

हे मी उगाच सांगत नाही. व्हिडिओ बघून मामाने एका ठिकाणी चौकशी केली होती. नाव लिहीत नाही. रिपोर्ट न बघताच त्यांना 'स्टेम सेल आणि करंट' असं एकत्र पॅकेज सांगितलं गेलं, अॅडव्हान्ससकट. मामा कलमांचा एक तुकडा विकायच्या विचारात होता. मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल हा भारतात मान्य उपचार नाही, तो फक्त नोंदणी झालेल्या अभ्यासातच देता येतो. असा प्रत्येक अभ्यास सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, इथे नोंदवावा लागतो आणि ती यादी कुणालाही फुकट बघता येते. नोंदणी क्रमांक मागा. आणि प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून मागितले जात असतील तर तिथेच थांबा.

खऱ्या अभ्यासातही मशीन बसवलं आणि निघालो असं नसतं. ऑपरेशनमध्ये जंतुसंसर्गाचा धोका, पट्टी सरकण्याचा धोका, बॅटरी चार्ज करणं किंवा कधी तरी बदलणं, प्रत्येक हालचालीसाठी वेगळा प्रोग्रॅम, आणि महिनोन्‌महिने सराव. अंगावर बेडसोअर असेल, सांधे आखडलेले असतील, हाडं फार ठिसूळ असतील तर प्रवेशच मिळत नाही. म्हणून उद्या तुमच्या घरच्या माणसाला संधी मिळावी असं वाटत असेल तर आजचं काम कंटाळवाणं आहे: दर थोड्या वेळाने कूस बदलणं, रोज सांधे हलवणं, लघवी वेळेवर काढणं, किडनीची तपासणी चुकू न देणं.

मामेभावाला काय सांगितलं

त्याचं डिस्चार्ज कार्ड मागवलं. डी १२ बर्स्ट फ्रॅक्चर. उंचावरून पडलेल्यांत हाच भाग फार वेळा मोडतो. एआयएस ए. मी विचारलं, "झटके येतात का रे पायाला?"

"छे. कापसासारखे पडलेले असतात."

डॉक्टरांशी बोलून मग मी त्याला डीपी आणि मेन लाइन समजावून सांगितली. तो वायरमनसोबत पोलावर चढलेला माणूस, त्याला माझ्याआधी कळलं. थोडा वेळ फोनवर फक्त अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"म्हणजे माझी डीपीच गेली."

"आज जे तंत्र आहे त्याने तुझं होणार नाही," मी म्हणालो. "मामाला सांग, जमीन विकू नको."

"ते सांगतो," तो म्हणाला, आणि मग, "वॉर्डात माझ्या शेजारच्या बेडवर एक पोरगा होता, आठवतो? दुचाकीवरून पडून मान मोडलेला. त्याचे पाय रात्रभर उडायचे, आम्ही सगळे शिव्या घालायचो. त्याच्या हाताची दोन बोटं थोडी हलायची. त्याला पाठवू का हे?"

मी म्हटलं, व्हिडिओ नको पाठवू, दोन दिवस थांब, मी सगळं नीट लिहून देतो.